तो एक चौकोन भरा: मिनेसोटातल्या मराठी पालकांना खुलं पत्र

मिनेसोटातल्या माझ्या सगळ्या मराठी आईबाबांनो,

नमस्कार. ऑगस्ट आला की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शाळेचे मेसेज सुरू होतात, बस किती वाजता, सामानाची लिस्ट कुठे मिळेल, वह्या कुठल्या दुकानात स्वस्त, आणि दरवर्षी त्यात एक मेसेज हमखास फिरतो. एनरोलमेंटच्या फॉर्ममधे एशियनच्या खाली मूळ कुठलं असं जे विचारतात ना, तिथे एशियन इंडियनवर टिक करू नका, सांगायचं नाही असा पर्याय असतो तो घ्या, उगीच पुढे कॉलेजच्या वेळी मुलांना त्रास नको. यावर्षी त्या मेसेजवर मी मोजले तर चाळीसेक अंगठे होते. भांडण नको म्हणून ग्रुपवर मी काहीच लिहिलं नाही, पण डोक्यातून जाईना, म्हणून हे एवढं लांबलचक पत्र.

आधी हे सांगते की माझ्या मोठ्या मुलीच्या वेळी मी पण तेच केलं होतं. कुणीतरी सांगितलं, मी ऐकलं, दोन सेकंदात टिक करून मोकळी झाले. त्या टिकमुळे दुसऱ्या कुणाच्या मुलाचं काही बिघडत असेल असं डोक्यातच आलं नाही, आणि तुमच्याही आलं नसेल, म्हणून हे रागाने लिहीत नाहीये.

गेली सहा वर्षं मी सेंट पॉलच्या पूर्व भागातल्या एका शाळेत पॅरा म्हणून काम करते. म्हणजे टीचर नाही, टीचरच्या हाताखाली, ज्या मुलांना इंग्लिश कमी येतं असं शाळेने ठरवलेलं असतं त्यांच्याजवळ बसायचं, वाचून घ्यायचं, समजावायचं. माझ्याकडे येणाऱ्यांमधे सगळ्यात जास्त मुलं ह्मोंग.

आपण त्यांना ओळखतो ते भाजीवाले म्हणून. शनिवारी सकाळी सेंट पॉलच्या फार्मर्स मार्केटला आपण जातो, कारली, हातभर लांब चवळीच्या शेंगा, त्या बारीक जहाल मिरच्या, कोथिंबीर, टेबलामागे आजी बसलेली असते आणि आपल्याशी इंग्लिशमधे बोलणारी, सुटे परत देणारी दहा-बारा वर्षांची नात असते. मी पण कितीतरी वर्षं त्यांना चायनीज नाहीतर व्हिएतनामी समजत होते. इथले लोक ह गिळून नुसतं मोंग म्हणतात, पण मूळ उच्चार आपल्या म्हैसमधल्या म्हच्या बराच जवळचा आहे, म्हणजे मराठी जिभेला तो अमेरिकन जिभेपेक्षा सोपा.

हे लोक इथे कसे आले ते थोडक्यात सांगते, कारण आपण सगळ्या एशियन लोकांना एकाच विमानातून उतरवतो. लाओसच्या डोंगरात शेती करून राहणारी ही माणसं. व्हिएतनाम युद्धाच्या काळात सीआयएने लाओसमधे एक गुपचूप युद्ध चालवलं, ते लढायला त्यांच्यातल्याच जनरल वांग पाओच्या हाताखाली ह्मोंग पुरुषांना उभं केलं, पुढे पुढे तर बारा-तेरा वर्षांची पोरं बंदूक घेऊन होती. १९६४ ते १९७३ मधे अमेरिकेने लाओसवर २० लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. मे १९७५ मधे अमेरिकन निघून गेले, वांग पाओ आणि थोड्या लोकांना विमानाने बाहेर काढलं आणि बाकीचे तिथेच राहिले. मग जंगलातून चालत मेकाँग नदीपर्यंत, रात्री नदी ओलांडून थायलंड, कित्येक बुडाले, आणि पोचले ते वर्षानुवर्षं बान विनायसारख्या छावण्यांमधे राहिले. तिथून अमेरिकेत, कॅलिफोर्नियात फ्रेझ्नोकडे, विस्कॉन्सिनमधे आणि आपल्या सेंट पॉल-मिनियापोलिसमधे, आज देशात सगळ्यात जास्त ह्मोंग एका ठिकाणी असतील तर ते इथेच. शेवटची मोठी तुकडी तर अगदी अलीकडची, २००४ ते २००६ मधे वाट थाम क्राबोक नावाच्या बौद्ध मठाच्या आवारातून १५ हजारांच्या आसपास लोक आले.

म्हणजे बघा, आपल्यातले बरेच जण डिग्री, व्हिसा आणि ऑफर लेटर खिशात घेऊन ज्या वर्षांत इथे उतरत होते, त्याच वर्षांत ही माणसं छावणीतून उतरत होती. आणि दोघांसाठी फॉर्मवर चौकोन एकच, एशियन.

आता शाळेत काय होतं ते सांगते. भाषेपासून सुरू करते कारण तिथे आपला पण अनुभव आहे. मूल शाळेत घालताना आपण एक भाषेचा फॉर्म भरतो, मूल पहिल्यांदा कुठली भाषा बोललं, घरात कुठली बोलतात. आपण अभिमानाने मराठी लिहितो. मग शाळा मुलाची इंग्लिशची छोटी टेस्ट घेते, माझी मुलगी अर्ध्या तासात बाहेर आली, पास, विषय संपला. ह्मोंग आई पण तसंच ह्मोंग लिहिते आणि तिचं मूल त्या टेस्टमधे अडकतं, कारण बोलण्याचं इंग्लिश आणि वाचण्या-लिहिण्याचं इंग्लिश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी गोष्ट घरातल्या पुस्तकांतून येते. माझ्या मुलीला मी रोज झोपताना वाचून दाखवत होते, तिचा बाबा एमएस झालेला. त्यात माझ्या मुलीची हुशारी किती आणि आमचं नशीब किती, हे मला या नोकरीत आल्यावर कळलं.

माझ्याकडे आठवीतला एक मुलगा होता. जन्म सेंट पॉलचा, लाओस कधी पाहिलेलं नाही, बोलायला लागला तर डोळे मिटून ऐका, पक्का मिनेसोटाचा मुलगा. पण बालवाडीपासून आठवीपर्यंत नऊ वर्षं इंग्लिश लर्नर, म्हणजे इंग्लिश कमी येणारा, असा शिक्का. दर हिवाळ्यात चार भागांची परीक्षा, ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं, ऐकण्या-बोलण्यात वर आणि वाचण्या-लिहिण्यात दरवर्षी थोडक्यात राहायचा. त्याला बँडमधे ड्रम वाजवायचा होता आणि बँडचा तास आणि आमचा तास एकाच वेळी यायचा. एकदा मला म्हणाला, मिस, तुमची मुलगी पण घरी दुसरी भाषा बोलते ना, मग ती कशी सुटली? माझ्याकडे उत्तर होतं पण एका तेरा वर्षांच्या मुलाला ते सांगता येईना.

त्याची आई छावणीतून आली तेव्हा सोळा वर्षांची होती. शाळा अशी धड झालेलीच नव्हती, तरी वयाप्रमाणे तिला थेट हायस्कूलमधे बसवलं, दोन-तीन वर्षांत जेवढं डोक्यात शिरेल तेवढं शिरलं आणि मग नोकरी. आता ती पॅकिंगच्या कारखान्यात दुपारच्या शिफ्टला असते, मुलगा घरी येतो तेव्हा ती निघालेली असते. शाळेच्या मीटिंगमधे हीच आई दिसत नाही म्हणून पालकांना इंटरेस्ट नाही असा शेरा पडतो. हे मी कानाने ऐकलंय.

आणि शाळा पत्रं पाठवते, ह्मोंगमधे भाषांतर करून पाठवते, सगळ्यांना वाटतं झालं काम. पण ह्मोंग भाषा रोमन अक्षरांत लिहायची आजची पद्धत १९५० च्या दशकात लाओसमधे मिशनऱ्यांनी बसवली, त्याआधी बहुतेकांची भाषा तोंडीच होती, सगळी स्मरणात, गाण्यांत, लग्न आणि मयताच्या विधींत. त्यामुळे घरातल्या आजीला इंग्लिश पत्र वाचता येत नाही तसंच ह्मोंग पत्रही बऱ्याचदा वाचता येत नाही, फोन करून कुणीतरी बोलावं लागतं. तो फोन करणारा माणूस ठेवायला पैसे लागतात, आणि पैसे कशावरून मिळतात तर आकड्यांवरून, तिथे मी येतेच आहे.

नावांचं पण सांगते. त्या लिपीत शब्दाच्या शेवटी जे अक्षर दिसतं ते बहुतेक वेळा वाचायचंच नसतं, ती सुराची खूण असते. मुलींच्या नावात फूल या अर्थाचा एक शब्द खूप येतो, लिहितात पी, ए, जे आणि म्हणायचं पा, सूर वरून खाली आणत, तो जे फक्त सूर सांगायला. पहिल्या दिवशी हजेरी घेताना टीचर त्याचं पाज करतात, मुलगी हात वर करते, दुरुस्त करत नाही, आणि बारावीपर्यंत पाजच राहते. आपल्या ज्ञानेश आणि ऋग्वेदचं इथे काय होतं ते आपल्याला माहितीये, पण आपण पहिल्याच आठवड्यात टीचरला ईमेल टाकतो.

ईमेलवरून आठवलं. ह्मोंग कुटुंबात मयत झालं तर पारंपरिक विधी तीन-चार दिवस चालतो, रात्रंदिवस, बांबूच्या नळ्यांचं खेंग नावाचं वाद्य वाजवत मेलेल्याच्या जिवाला वाट सांगतात. मुलांना घरात काम असतं, खेंग शिकणारा मुलगा असेल तर तो तिथे लागतोच. शुक्रवारपासून सोमवारपर्यंत मुलगा गैरहजर, वर्षात दोन-तीन वेळा असं झालं की हजेरीचं कडक पत्र घरी. आपण कुणाच्या दहाव्या-तेराव्याला भारतात जातो तेव्हा दोन आठवड्यांची रजा कळवतो आणि सॉरी फॉर युअर लॉस असं उत्तर येतं. दोन्हीकडे माणूसच गेलेला असतो. फरक एवढाच की आपल्याला शाळेशी बोलायची भाषा येते.

पॅरेंट-टीचर कॉन्फरन्सचा एक प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही. दुभाषा मिळाला नव्हता त्या दिवशी, मग सहावीतली मुलगीच स्वतःच्या आईला स्वतःचा रिपोर्ट समजावत होती. टीचर म्हणाली की वाचनात ती दोन वर्षं मागे आहे आणि मला काळजी वाटते. मुलगी आईला काहीतरी म्हणाली, काय ते मला कळलं नाही, पण आई छान हसली आणि थँक्यू म्हणाली. टीचर जे बोलली होती ते ऐकून कुठलीच आई हसली नसती. टीचरने पुढच्या पालकांना बोलावलं, दहा मिनिटं संपली होती. मी तिथेच बसले होते आणि मी पण काही बोलले नाही, ते मला आजही लागतं.

आपल्यात म्हणतात ना, रडल्याशिवाय आई पण दूध पाजत नाही. ही मुलं रडत नाहीत. मोठ्यांसमोर गप्प राहायचं हे घरात शिकवलेलं, वर्गात मागे बसतात, दंगा नाही, आणि एशियन आहेत म्हटल्यावर गणित तर येतच असेल असं धरून चालतात. वर्षाच्या शेवटी रिपोर्टवर लिहून येतं, अ प्लेझर टू हॅव इन क्लास.

आता चौकोनाकडे येते. समजा एका शाळेत चार एशियन मुलं आहेत, दोन आपली आणि दोन ह्मोंग. आपल्या दोघांना वाचनात ९०, त्या दोघांना ४०. सरासरी ६५, कागदावर एशियन विद्यार्थी ठीक चाललेत, पुढचा विषय. ती ४० वाली दोन मुलं गेली कुठे? आपल्या मुलांच्या मार्कांखाली झाकली गेली. देशभराचं चित्र पण तसंच आहे, २०१९ च्या आकड्यांत २५ वर्षांवरच्या भारतीयांपैकी साधारण चारातल्या तिघांकडे पदवी होती आणि ह्मोंगांमधे चारातल्या जेमतेम एकाकडे. हे दोन आकडे एकत्र कालवून जो आकडा येतो तो ना त्यांचा ना आपला, पण मीटिंगमधे बऱ्याचदा त्याच्याकडे बघूनच ठरतं, दुभाषा किती, वाचनाचे जादा तास कुणाला.

म्हणूनच मिनेसोटात ह्मोंग, म्यानमारमधले केरन, व्हिएतनामी आणि इतर बऱ्याच समाजांच्या लोकांनी मागे लागून २०१६ मधे ऑल किड्स काउंट नावाचा कायदा करून घेतला. त्यातून फॉर्मवर एशियनच्या खाली वेगवेगळे चौकोन आले, एशियन इंडियन, चायनीज, ह्मोंग, केरन, कोरियन असे. आपल्या ग्रुपवर ज्याच्याविरुद्ध मेसेज फिरतो ना, तो हाच चौकोन, कुणीतरी लढून मिळवलेला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात असाच कायदा आला तेव्हा आपल्यासारख्याच, चांगलं चाललेल्या एशियन पालकांनी, मुख्यतः चायनीज गटांनी, इतका विरोध केला की त्यातला कॉलेजांचा भाग गाळून फक्त आरोग्य खात्यापुरता कायदा उरला. तेव्हा यात कुणाच्या मुलांचं नुकसान होतंय हा हिशोब कुणी केला नाही, भीती वाटली आणि विरोध केला. मार्च २०२४ मधे इथल्या, अमेरिकेच्या केंद्र सरकारने वंशाच्या प्रश्नाचे नवे नियम आणले, त्यात एशियन इंडियनला स्वतःचा चौकोन आहे, ह्मोंगला नाही, ते इतर मधे हाताने लिहायचं. म्हणजे राज्याच्या फॉर्मवर जे आहे ते टिकणं किती महत्त्वाचं आहे बघा.

तुम्ही म्हणाल आम्ही नाही भरलं तर ह्मोंगांचा आकडा कसा बिघडतो, ते त्यांचं भरतीलच की. माझंही पहिलं मत हेच होतं. पण आपण सगळे सांगायचं नाही वर टिक केलं की नुसतं एशियन एवढंच माहीत असलेल्यांचा मोठा ढीग उरतो, आणि मीटिंगमधे कुणीतरी म्हणतंच की निम्मे पालक उत्तरच देत नाहीत, हा तपशील विश्वासाचा नाही, जुनी एकत्र सरासरीच बरी. शेजाऱ्याने वर्गणी दिली नाही तरी गणपती बसतो पण सगळ्या वाड्यानेच हात वर केले तर बसत नाही, तसं आहे हे.

कॉलेजच्या भीतीबद्दल. तो फॉर्म कुठल्या युनिव्हर्सिटीच्या ॲडमिशन ऑफिसला जात नाही, शाळेच्या डिस्ट्रिक्टकडे आणि राज्याच्या शिक्षण खात्याकडे जातो. आणि ॲडमिशनमधे वंशाचा विचार करायची पद्धत सुप्रीम कोर्टाने जून २०२३ मधेच बंद केली, त्या निकालावर आपल्याच ग्रुपवर किती चर्चा झाली होती आठवा. मग नक्की कशाची भीती उरली?

दुसरं एक वाक्य पॉटलकमधे ऐकते, आम्ही पण शून्यातून वर आलो, आम्हाला कुणी मदत केली? मला खरंच दुखतं ते. माझी आई नंदुरबारकडे धडगाव तालुक्यात झेडपीच्या शाळेत शिक्षिका होती. मुलं पावरी ही तिथली आदिवासी भाषा बोलायची आणि पुस्तक मराठीत. पहिलीतलं मूल गप्प बसलं की तपासणीला आलेले साहेब म्हणायचे, यांना डोकंच नाही. आईने एक वही केली होती, एका बाजूला पावरी शब्द आणि एका बाजूला मराठी, आणि ती रोज मुलांकडून एक शब्द शिकायची. त्या मुलांना डोकं होतं हे आईला माहीत होतं, साहेबांना नव्हतं. सेंट पॉलमधे आले तेव्हा मला वाटलं नव्हतं की तीच गप्प बसलेली पहिली इथे पुन्हा दिसेल, आणि यावेळी साहेबांच्या बाजूला आपण बसलेलो असू.

एक मात्र करू नका, त्यांना बिचारे समजू नका. १९९१ मधे चोआ ली सेंट पॉलच्या स्कूल बोर्डावर निवडून आल्या, अमेरिकेत निवडून आलेल्या पहिल्या ह्मोंग व्यक्ती, आणि बघा ना, पहिली निवडणूक लढवली ती शाळेची. २००२ मधे मी मुआ नावाच्या ह्मोंग बाई मिनेसोटाच्या सिनेटमधे गेल्या. टोकियो ऑलिम्पिकला जिम्नॅस्टिक्समधे सोनं जिंकलेली सुनी ली याच गावची ह्मोंग पोरगी. सेंट पॉलच्या सरकारी शाळांमधे आज ह्मोंग भाषेतून शिकवणारे वर्ग आहेत, आणि शेजारी विस्कॉन्सिनमधे एप्रिल २०२४ मधे कायदा झाला की शाळेत ह्मोंग अमेरिकन इतिहास शिकवायचा. हे सगळं त्यांनी मागून, भांडून मिळवलंय. आपल्याकडून ते काही मागत पण नाहीयेत. मी मागतेय.

तर मागणी साधी आहे. यावर्षी फॉर्म भरताना एशियन इंडियनवर टिक करा. आधी सांगायचं नाही असं केलं असेल तर शाळेच्या ऑफिसला सांगून बदलून घ्या, मी मागच्या महिन्यात धाकटीचा फॉर्म भरताना मोठीचा पण बदलून घेतला, ऑफिसमधल्या बाईंना पाच मिनिटं लागली. तुमच्या डिस्ट्रिक्टच्या मीटिंगला जात असाल, आणि आपल्यातले बरेच जण जातात कारण गिफ्टेड प्रोग्रॅमचा विषय असतो, तर तिथे एशियन विद्यार्थी असा एकच आकडा पडद्यावर आला की हात वर करून विचारा, यात ह्मोंग किती, केरन किती, त्यांचं वाचन कसं आहे? ह्मोंग बापाने विचारलं तर स्वतःसाठी मागतोय असं वाटतं, आपण विचारलं की समोरच्याला उत्तर शोधावं लागतं. आणि मराठी शाळेसाठी रविवारी जे दोन-दोन तास देतात त्या काका-काकूंना मी वेगळं सांगणार आहे, वाचन घ्यायला माणसं कमी पडतात आमच्याकडे, त्यासाठी ह्मोंग भाषा यायला पाहिजे असं नाही, मला सहा वर्षांत वीसेक शब्द आलेत फक्त.

तो आठवीतला मुलगा आता हायस्कूलला गेला. त्या वर्षी पण परीक्षेत थोडक्यात राहिला होता. जाताना मला त्याने ह्मोंगमधे थँक्यू कसं म्हणतात ते शिकवलं, ऊआ च्याउ, आणि माझा सूर चुकला तर तीन वेळा परत म्हणायला लावलं.

तुमचीच,
सेंट पॉलच्या शाळेतली एक मराठी आई

ता.क. फॉर्ममधे आधी मोठा प्रश्न येतो, वंश कुठला, आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात तपशिलाचा. मोबाईलवर भरत असाल तर तो खालचा प्रश्न पटकन दिसत नाही, वर सरकवून बघा.